शिवणमशीनच्या कप्प्यात सापडलेला सैनिकाचा बिल्ला – याच्या घरचं कोणी सापडेल का?

सुईदोरा

नमस्कार. चार-पाच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी ठाण्यात चरईत राहते, घरीच ब्लाउज, फॉल-पिको, अल्टर अशी कामं करते. गेल्या महिन्यात कोपरीतल्या एका भंगारवाल्याकडे जुनं हातमशीन दिसलं, लाकडी बैठक, वर घुमटासारखी लाकडी पेटी, हँडल फिरवून चालवायचं. माझी आजी असल्याच मशीनवर शिवायची त्यामुळे राहवलं नाही, १८०० ला घेतलं आणि रिक्षात मांडीवर ठेवून घरी आणलं. तेलपाणी केलं, मशीन सुरू झालं. पण बैठकीला उजव्या हाताला बॉबिन वगैरे ठेवायचा सरकत्या झाकणाचा छोटा कप्पा असतो तो काही उघडेना, लाकूड फुगलेलं. शेवटी पेचकसाने हळूहळू उकलला. आत तीन बॉबिन, गंजलेल्या सुयांचं पाकीट, शिंपल्याची सहा बटणं, खडूचा तुकडा आणि एक लाल चकती.

आधी मला वाटलं कोटाचं बटण आहे. विटकरी लाल, रुपयाच्या नाण्यापेक्षा बरीच मोठी, जाड पुठ्ठ्यासारखी लागते पण पुठ्ठा नाही, धातूही नाही. पण बटणाला दोन किंवा चार भोकं असतात आणि हिला एकच, तेही कडेला, आणि त्यात काळी पडलेली सुतळीची गाठ. उजेडात धरली तर अक्षरं दिसली, एकेक अक्षर ठोकून उमटवलेलं, वाकडंतिकडं. एक नंबर, खाली इंग्रजी लिपीत नाव आणि त्याच्या खाली हिंदू. मुलगा म्हणाला, आई हा सोल्जरचा बिल्ला आहे.

आमच्या घरात फौजेत कोणी नाही, मला यातलं काहीच कळत नाही. पण तेव्हापासून ती चकती देवघरात ठेवलीय, कुठे ठेवावी कळेना म्हणून. ही कोणाच्या तरी गळ्यात होती. त्याचं घर शोधायचं असेल तर सुरुवात कुठून करू? आई म्हणते त्याचं काही बरंवाईट झालं असेल तर इतक्या वर्षांनी घरच्यांच्या जखमेवरची खपली कशाला काढायची, तेही खरं वाटतं.

तलावपाळी

जागा धरायला रुमाल टाकून ठेवतोय. फोटो टाका ना ताई.

कागदपत्र

फोटो टाका पण नंबर आणि नाव झाकून टाका!! उद्या कोणी आलं की आमच्या आजोबांचा आहे, तर खरंखोटं करायला तुमच्याकडे तेवढीच एक गोष्ट आहे. नंबर फक्त तुमच्याकडे राहू दे.

आणि कृपया ती घासू नका, सोडा-लिंबू काहीही लावू नका. वर्णनावरून ब्रिटिश पद्धतीची फायबर डिस्क वाटतेय, काही जण म्हणतात त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे घासून उडालेली पूड नाकातोंडात न गेलेली बरी. कोरड्या मऊ फडक्याने नुसती टिपा.

सुईदोरा

बाई गं, मी कालच टूथब्रश घेऊन बसणार होते. बरं झालं सांगितलंत. नाव-नंबरावर कागदाची पट्टी लावून फोटो टाकलाय.

सुभेदार_खारेगाव

जय हिंद. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालोय, आता कळव्याजवळ खारेगावात असतो. फोटो पाहिला. आमच्या वेळचे बिल्ले धातूचे, आणि आजच्या आर्मी नंबरला शेवटी एक अक्षर असतं, तुम्ही नुसते आकडे म्हणताय म्हणजे जुना माल आहे, बहुतेक दुसऱ्या महायुद्धातला. माझ्या आजोबांकडे असाच होता, लहानपणी हातात घेतलेला आठवतो.

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा आणि एक गोष्ट सांगा. हे बिल्ले गळ्यात दोन असायचे, एक हिरवा अष्टकोनी आणि एक लाल गोल. जवान पडला की लाल काढून घ्यायचा, तो नोंदीसाठी मागे दफ्तरात जायचा, हिरवा देहाबरोबर राहायचा. म्हणजे पडलेल्या माणसाचा लाल बिल्ला कागदपत्रात गेला असता, बायकोच्या शिवणमशीनमध्ये आला नसता. माझा अनुभव सांगतो, हा माणूस स्वतःच्या पायाने घरी आलाय आणि त्याने स्वतःच्या हाताने तो गळ्यातून काढलाय. शंभर टक्के नाही म्हणत, कधी वस्तू घरी पाठवतही असत, पण माझं मन हेच सांगतं.

सुईदोरा

साहेब, आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने देवाला हात जोडले. आता तीच माझ्या मागे लागलीय की शोध म्हणून.

कागदपत्र

सुभेदार साहेबांशी सहमत. थोडी भर घालतो. १९१४ साली ब्रिटिश सैन्यात अशी एकच लाल चकती असायची. माणूस पडला की सोबती ती काढून न्यायचे, नोंद व्हायची, पण मागाहून दफन करणाऱ्याला कळायचंच नाही की हा कोण, असे हजारो बेनाम राहिले. म्हणून १९१६ मध्ये दुसरी हिरवी चकती आली. दोघींचा आकार मुद्दाम वेगळा, अंधारात नुसत्या बोटाने चाचपून कळावं म्हणून.

आता शोधायचं कसं. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडून २५ लाखांवर माणसं भरती झाली, त्यातली ८७ हजार गेली असा आकडा दिला जातो. जे गेले त्यांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे आहे, खडकीची वॉर सिमेट्री सांभाळतात तीच संस्था. त्यांच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतं, ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ मधले मृत्यू त्यात धरलेत, कितीतरी नोंदींना वडलांचं नाव, गाव, तालुका पण दिलाय. ज्यांच्या देहाला अग्नी दिला त्यांचीही नावं आहेत, एकट्या इंफाळच्या क्रिमेशन मेमोरियलवर ८६८ हिंदू आणि शीख जवान आहेत. तुमचा नंबर तिथे टाकून बघा. नावाने शोधू नका, नंबराने शोधा, कारण गोऱ्या कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं स्पेलिंग केलंय, एकाच आडनावाची पाच रूपं सापडतील. तिथे नंबर मिळाला नाही तर सुभेदार साहेब म्हणतात तेच खरं असायची शक्यता वाढते.

जुनी_नाणी

मी नाणी आणि मेडलं जमवतो म्हणून सांगतो, या चकत्यांना गिऱ्हाईक असतं आणि त्यामुळे नकलीही बनतात. पण नकली बनवणारा माणूस ती मशीनच्या फुगलेल्या कप्प्यात घालून ठेवणार नाही, ही अस्सलच. ताई, उद्या कोणी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून भाव विचारला तर देऊ नका. माझ्याकडे दोन मेडलं आहेत ज्यांच्या कडेवर नावं आहेत, ती घेतल्यापासून आजतागायत मला चैन नाही, शोध लागत नाही आता. तुमच्याकडे मशीन आहे, भंगारवाला आहे, माग ताजा आहे. आधी तो धरा.

तलावपाळी

एक शक्यता. उल्हासनगर म्हणजे मुळात महायुद्धातला कल्याण मिलिटरी कॅम्प. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि १९४९ ला उल्हासनगर नाव पडलं. लाखो जवान तिथून बोटीवर गेले-आले असतील. एखाद्याचा बिल्ला तिथेच पडला, कोणा पोराला सापडला, घरी आणला, असंही असेल ना?

कागदपत्र

असू शकतं, पण मग खण, माळा, डबा कुठेही राहिला असता. बटणं आणि बॉबिनबरोबर एवढा जपून ठेवला म्हणजे मशीन चालवणारीला तो कोणाचा आहे हे माहीत होतं असं मला वाटतं.

सुईदोरा

सगळ्यांचे आभार. नंबर नीट वाचायलाच दोन दिवस गेले. आमचं पॅटर्न काढायचं बटर पेपर असतं ना, ते चकतीवर ठेवून पेन्सिल आडवी हलकी फिरवली, आकडे पांढरे उमटले. मग रात्री दिवे घालवून मुलाने मोबाइलचा टॉर्च अगदी जमिनीलगत तिरका धरला, सावलीत अक्षरं उठून दिसली. सगळं लागलं, फक्त पाचवा आकडा ३ आहे का ८ ते कळत नाही, नेमका तिथेच टवका उडालाय. भिंग लावलं, शेजारच्या चष्म्याच्या दुकानदाराला दाखवलं, तो म्हणे ३, मुलगा म्हणतो ८.

दोन्ही नंबर कमिशनच्या साइटवर टाकले. या नावाचा माणूस कुठल्याच नंबराला नाही. नावाने शोधलं तर त्या आडनावाचे इतके आले की मी पानं पुढे सरकवता सरकवता रडायलाच लागले, वय २०, वय १९, वय २२, एकाखाली एक. माझा मुलगा १९ चा आहे.

सुभेदार_खारेगाव

रडू नका ताई. नाव त्या यादीत नाही हे चांगलं आहे. तो परत आला.

पुढची पायरी म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य शासनाचं मासिक अनुदान आहे, कारण त्यातल्या पुष्कळांना पेन्शन नव्हती, लढाई संपली आणि घरी पाठवलं. त्यामुळे नोंदी असतात. आणि रेजिमेंट कळली तर त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं, मराठा असेल तर बेळगाव, महार असेल तर सागर, बॉम्बे सॅपर असेल तर खडकी. अडचण एवढीच की या बिल्ल्यावर पलटणीचं नाव नसतं. हेतू असा की शत्रूच्या हाती पडला तर कुठली पलटण समोर आहे हे कळू नये.

फौजी एक वेळ आपलं नाव विसरेल पण नंबर विसरणार नाही. मी ७१ वर्षांचा आहे, झोपेतून उठवून विचारा.

पनवेलकर

पंजाबातल्या सैनिकांच्या गाववार रजिस्टरांचं डिजिटायझेशन झालंय ना, त्यात बघता येईल का?

कागदपत्र

ती लाहोर म्युझियममधली रजिस्टरं, पहिल्या महायुद्धातली आणि फक्त पंजाबची. आपल्या माणसाला उपयोग नाही. आपल्याकडे पहिल्या महायुद्धासाठी गावागावात संगमरवरी पाट्या आहेत, या गावातून इतके गेले, इतके पडले अशा, साताऱ्याच्या अपशिंग्याची ४६ पडलेल्यांची तर प्रसिद्धच आहे. पण दुसऱ्या युद्धाचं असं नावनिशीवार गावोगाव फारसं दिसत नाही. म्हणून घरातलं मेडल सापडणं महत्त्वाचं. इंग्रजांनी स्वतःच्या गोऱ्या सैनिकांना दुसऱ्या युद्धाची मेडलं कोरी दिली, पण हिंदुस्थानी सैन्याला दिलेल्या मेडलांच्या कडेवर नंबर, नाव आणि रेजिमेंट ठोकलेली असते. कोणाच्याही घरी आजोबांचं मेडल असेल तर आडवं धरून कड बघा, समोरची राजाची बाजू नव्हे.

सुईदोरा

अपडेट देते. सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन आले, तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, अर्ज घेतला, पण रेजिमेंट माहीत नसेल तर वेळ लागेल म्हणाल्या.

मग भंगारवाल्याकडे गेले. त्याला मशीन आठवत होतं पण घर नाही. म्हणे कोपरीत एक चाळ रिडेव्हलपमेंटला खाली होत होती, तिथून तीन टेम्पो भरून माल आला, त्यात होतं. चाळीपाशी गेले तर पत्रे मारलेत, आत जेसीबी. वॉचमन नवा. भाडेकरू कोणी डोंबिवलीला, कोणी ऐरोलीला, कोणी बदलापूरला. समोर किराणावाले काका आहेत, त्यांना नाव सांगितलं तर म्हणाले या आडनावाची चाळीत चार बिऱ्हाडं होती पण फौजी कोणी आठवत नाही.

जुनी_नाणी

मशीन पूर्ण तपासलंत का? पेटी उलटी करून बघा, बैठकीच्या खालून, हँडलच्या मागे. जुने लोक लाकडावर काहीबाही लिहून ठेवायचे.

सुईदोरा

जुनी_नाणी दादा तुमच्या तोंडात साखर पडो!

पेटी मी बाहेरून पुसली होती, आतून कधी बघितलीच नव्हती. आतल्या बाजूला अंधारात पेन्सिलीने मापं लिहिलीत. लाकूड तेलकट झालंय म्हणून पटकन दिसत नाहीत. एकाखाली एक, मोडी वळणाचं बाळबोध अक्षर आहे, हे असं:

बाळी – छाती २४ उंची २२
बाळी – छाती २५॥ उंची २४
अण्णा चड्डी – कंबर २२
बाळी परकर – ३०

बाळी तीनदा आहे. प्रत्येक वेळी थोडी मोठी होत गेलीय. शिवणाऱ्या बाईला वही घ्यायला पैसे नसतील किंवा वही हरवते म्हणून लिहिलं असेल, मीही कधी कधी भिंतीवर लिहिते. आता बाळी हे घरचं नाव, खरं नाव काय कोण जाणे. पण कोपरीच्या चाळीत वाढलेली, भावाला अण्णा म्हणणारी कोणी बाळी कोणाला माहीत आहे का? हा फोटो मी न झाकता टाकतेय.

तलावपाळी

अंगावर काटा आला. कोपरीतल्या दोन व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरवतोय, एक गणेश मंडळाचा आहे, जुने लोक आहेत त्यात.

पनवेलकर

मीही. धागा वर राहू द्या.

ऐरोलीची_सून

नमस्कार, मी इथली सदस्य नव्हते, आज याच धाग्यासाठी झाले. मला हा फोटो माझ्या जावेने पाठवला. माझ्या आजेसासूंना माहेरी बाळी म्हणायचे. त्यांचं माहेर कोपरीलाच, चाळीतली खोली त्यांच्या धाकट्या भावाकडे होती, ते गेल्यावर भाचा आणि गेल्या वर्षी ती खाली केली. भावाला त्या अण्णा म्हणायच्या. त्यांचे वडील मिलिटरीत होते एवढंच मी ऐकलंय, लग्न होऊन मला सहाच वर्षं झालीत, जास्त माहिती नाही. आजींना अजून काही सांगितलं नाहीये, बीपीचा त्रास आहे, उगाच आशा लावायला नको. कसं करायचं?

सुईदोरा

ताई, तुम्हाला व्यनि केलाय.

सुभेदार_खारेगाव

नंबर तुम्ही सांगू नका हं. त्यांना विचारा. आधी त्यांना बोलू दे.

सुईदोरा

चार दिवस लिहिता आलं नाही, माफ करा. आज बसून सगळं लिहितेय, लांब होणार आहे.

रविवारी ठाण्याहून पनवेल गाडी धरली, ऐरोलीला उतरले. बरोबर मशीनची पेटी घेतली होती, मोठ्या पिशवीत, आणि चकती रुमालात. सूनबाईंनी घरी एवढंच सांगितलं होतं की तुमच्या माहेरचं मशीन ज्यांनी घेतलं त्या बाई भेटायला येतायत. आजी खिडकीशी पलंगावर बसल्या होत्या, अठ्ठ्याहत्तरच्या आहेत, नऊवारी, कानाला थोडं कमी ऐकू येतं. आधी मी पेटी काढून उलटी करून मांडीवर दिली. त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवलं आणि म्हणाल्या हे आईचं अक्षर. मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

चहा झाल्यावर मी विचारलं, आजी तुमचे वडील मिलिटरीत होते ना. म्हणाल्या हो, मराठा पलटणीत, काळी पाचवी म्हणायचे. मी म्हटलं त्यांची काही वस्तू असेल तर ओळखाल का. तर म्हणतात कसं, वस्तू राहू दे, नंबर सांगू?

मंडळी, मी काहीच विचारलं नव्हतं. चकती रुमालातच होती.

म्हणाल्या बाबा आम्हाला संध्याकाळी खेळून आलो की दारात उभं करायचे, नंबर सांगा मग आत या. अण्णा चुकायचा, मी कधी चुकले नाही. आणि पाठ ताठ करून, एकेक आकडा सुटा, इंग्रजीत, जसा वडलांनी शिकवला तसा म्हणायला लागल्या. मी बटर पेपर पर्समधून काढून हातात धरला होता. पहिला बरोबर, दुसरा बरोबर, तिसरा, चौथा, आणि पाचवा त्या म्हणाल्या एट. पुढचेही सगळे बरोबर. माझा मुलगा जिंकला आणि मी तिथे सगळ्यांसमोर रडले.

मग रुमाल सोडला. आजींनी चकती बघितली आणि पहिला प्रश्न, हिरवी कुठाय? आणि लगेच स्वतःच म्हणाल्या, हिरवी कुठनं असणार, ती तर मी घालवली. सात-आठ वर्षांच्या असताना चाळीच्या अंगणात ठिकरी खेळायला त्यांनी हिरवी चकती घेतली होती, अष्टकोनी असल्यामुळे घरंगळत नाही, खापरीपेक्षा बरी पडते. एक दिवस ती उडून गटारात गेली. बाबा संध्याकाळी कामावरून आले, आईने सांगितलं, ते काही बोलले नाहीत. नुसती लाल खुंटीवरून काढली आणि आईला म्हणाले ही मशीनमध्ये ठेव. आजी म्हणतात मारलं असतं तर बरं वाटलं असतं. इतक्या वर्षांनी त्यांचा आवाज ते सांगताना कापत होता.

आणि हो, बाबा वारले १९८१ ला, स्वतःच्या घरात. आईला सांगितलं, तिने पेढे आणायला लावले.

आजींनी आणखी एक सांगितलं ते मला कळलं नाही. बाबा झोपेत कधी कधी आवजान आवजान म्हणायचे. आईला वाटायचं कोणा माणसाचं नाव आहे, एकदा तिला संशयही आला होता म्हणे की कोणी बाई आहे का! विचारलं की बाबा म्हणायचे, तिथं बर्फ होतं.

कागदपत्र

सुईदोरा, आवजान हे गाव आहे. आव्हेझानो. मध्य इटलीत, आब्रुत्सोच्या डोंगरात. तिथे ९१ नंबरचा युद्धकैद्यांचा कॅम्प होता आणि त्यात हिंदी सैनिक ठेवले होते. थंडीत तिथे खरोखरच बर्फ पडतं.

आणि काळी पाचवी म्हणजे मराठ्यांची दुसरी बटालियन. ती उत्तर आफ्रिकेत, लिबियातल्या टोब्रुकला होती, ११ व्या इंडियन ब्रिगेडमध्ये. २१ जून १९४२ ला टोब्रुक पडलं आणि ही पलटण बाकीच्यांबरोबर कैदेत गेली. सगळं जुळतंय. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शरणागती जाहीर झाल्यावर अशा कॅम्पांतून बरेच कैदी डोंगरात पळाले आणि तिथल्या शेतकऱ्यांनी त्यांना लपवलं. बाकीच्यांना जर्मनांनी पुढे नेलं. या बाबांचं यातलं काय झालं ते रेकॉर्डमधूनच कळेल. जिनिव्हाला इंटरनॅशनल रेड क्रॉसकडे युद्धकैद्यांची माहिती आहे, घरचे लोक अर्ज करू शकतात, फक्त ते वर्षातल्या ठराविक काळातच आणि मर्यादित संख्येने अर्ज घेतात तेव्हा तारीख बघून ठेवा. बेळगावलाही लिहा, आता नंबर, नाव, रेजिमेंट तिन्ही आहेत.

सुभेदार_खारेगाव

माझीच पलटण निघाली. काय लिहू. आमच्या मराठ्यांना त्या इटलीत दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, नाईक यशवंत घाडगे १९४४ ला आणि शिपाई नामदेव जाधव १९४५ ला, घाडग्यांचा पुतळा माणगावला आहे, त्यांची नावं आम्हाला रिक्रूट असल्यापासून पाठ. पण कैदेत गेलेल्यांची कोणी नावं घेत नाही, परत आल्यावर ते स्वतःही बोलत नसत. लेकरांना दारात उभं करून नंबर म्हणायला लावणारा माणूस, त्याला तो नंबर कशाकशातून सांभाळून आणावा लागला असेल ते मला कळतं.

सूनबाई, बेळगावचा अर्ज मी स्वतः लिहून देतो, तुम्ही फक्त आजींची सही आणि नात्याचा पुरावा द्या. मी ऐरोलीला येईन. आजींना एकदा सॅल्यूट करायचा आहे.

जुनी_नाणी

आजच माझ्याकडच्या दोन्ही मेडलांच्या कडांचे फोटो काढलेत. वेगळा धागा काढतो.

ऐरोलीची_सून

सगळ्यांना घरच्यांतर्फे मनापासून धन्यवाद. गावाकडे साताऱ्याला भाचेसासऱ्यांकडे एक मेडल निघालं, त्यांनी कडेचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. नंबर तोच, पाचवा आकडा ८, आणि शेवटी मऱ्हाटा असं जुन्या स्पेलिंगमध्ये. सुभेदार काका परवा येऊन गेले, अर्ज गेला. रेड क्रॉसचा अर्ज पुढच्या वेळी सुरू झाला की भरणार.

सुईदोरा ताई मशीन परत द्यायला निघाल्या होत्या, आजींनी घेतलं नाही, म्हणाल्या चालतं ठेव, आणि दोन परकर शिवायला टाकलेत.

बिल्ल्याला फ्रेम करू असं ह्यांचं म्हणणं होतं. आजींनी नाही म्हटलं. त्यांनी तो त्यांच्या बटणांच्या डब्यात ठेवलाय, बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, वर हुक आणि खाली बटणं. कालपासून माझ्या चार वर्षांच्या मुलीला समोर उभं करून नंबर शिकवतायत. तिचा अजून तिसऱ्या आकड्याला गोंधळ होतो.